दुसरा नारळ

सत्यभामाबाईला दोन माणसाची लई चीड. एक, चहा पिऊन कप तसाच टाकून जाणाऱ्याची. दुसरी, दीर नामाजीची. अन् नामाजी कपबी तसाच टाकून जायचा.

औंढ्याकडं ताऱ्याचे हादरे धरायची प्रयोगशाळा होऊन राहिली, तवापासून नामाजीच्या अंगात शहाणपण शिरलं. मोठमोठे सायब येतील, त्यायला ऱ्हायला खोल्या लागतील, म्हणून ह्याला लॉज बांधायचा. अन् तो कुठं? वहिनीची मेंढरं बसतात त्याच सामाईक वावरात. नवरा गेल्यापासून बाईचा सारा संसार त्या मेंढरावर. तिथून हुसकलं तर मेंढरायला बाजार दाखवायचा, अन् आपण दिराच्या वसरीवर भाकरीची वाट बघत बसायचं.

सरळ तोंडानं 'उठ' म्हणायची नामाजीत धमक न्हवती. त्यानं जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्या जळबा पाणाड्याला आणलं. जळबा तळहातावर नारळ आडवा ठिवून वावरातून चालला, अन् बराबर मेंढराच्या मधोमध नारळ ताठ उभा राहिला.

"वहिनी, देवाची मर्जी," नामाजी म्हणला. "बोअर इथंच पाडावा लागन. बोअर इथं, म्हंजी खोल्याबी इथंच."

"अन् मेंढरं?"

"इकून टाका आता. वास मारतात. सायबलोक काय म्हणतील?"

"सायबलोक मटण खात न्हाईत व्हय?"

जळब्याला हसू आलं. नामाजीनं डोळे वटारले तसं त्यानं ते गिळलं. नारळाला खोटं म्हणायची गावात कुणाची छाती न्हवती, बाई एकटी पडली.

त्याच आठवड्यात डोंगरकडा गावची महेजबीन, कालेजात शिकवणारी पोरगी, गावच्या शाळेत त्या प्रयोगशाळेची माहिती सांगायला आली. सत्यभामाबाई गेली ती ऐकायला न्हाई, भांडायला. ह्या तारेवाल्यापायीच तर लॉजाचं भूत निघालं होतं.

"आपण जागा म्हणजे रिकामी समजतो," महेजबीन सांगत होती. "पण जागाच हलते. लांब आभाळात दोन मेलेले, लई जड तारे एकमेकांवर आदळले की तिच्यात लाट उठते. ती इथपर्यंत येते. जाताना सगळ्याला एका अंगानं ताणते, दुसऱ्या अंगानं आवळते. तुम्हाला, मला, ह्या शाळेला."

"जागा ताणती म्हणं!" सत्यभामाबाई मागून वरडली. "मंग आमचं वावर काहून ताणंना? दिराला तिकडं लॉज व्हईल, मला इकडं मेंढरं."

सारी शाळा हसली. महेजबीनबी हसली.

"ताणतं, मावशी. पण केसाचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे परत कोटी करा. तेवढं."

"अन् तेवढं मोजायला मैलामैलाच्या नळ्या टाकून राहिले! पोरी, अशानं बाजूनं उसाचा ट्रक गेला तरी तुमची मशीन तारा आदळला म्हणून नाचंल."

"म्हणून तर एका मशीनवर कुणी भरवसा ठेवत नाही. दुसरी असते लांब, पार दुसऱ्या देशात. दोघींना तसाच हादरा बसला तरच मानायचं. जवळजवळ ठेवल्या, तर एकच ट्रक दोघींना फसवील."

सत्यभामाबाईनं नाक मुरडलं. सारं आभाळ फुकट दिलं असतं तरी तिनं घेतलं नसतं. पण ते ट्रकाचं तिला पटलं.

घरी येऊन तिनं नामाजीला गाठलं. "मला दुसरा पाणाड्या पायजे. लांबचा. जळब्याचं त्वांडबी न पाहिलेला. त्याचाबी नारळ मेंढराच्या जागीच उभा राहिला, तर इकते मेंढरं."

नामाजीचा चेहरा फुलला. "हिंगोलीहून नेमसिंगला आणतो. उद्याच."

"तूच आणणार?"

"मंग कोण?"

"आण बाबा."

आता मेंढरं काय एका जागी गाडलेली नसतात. साऱ्या वावराला खत भेटावं म्हणून चार-दोन दिवसाला त्यायच्या भवतालची जाळी, वाघूर म्हणतात तिला, उपटून सरकवावी लागती. हे शेंबड्या पोरालाबी ठावं. नामाजीला न्हवतं. त्याच्या लेखी मेंढराची जागा म्हंजी मेंढराची जागा.

सकाळी तो मोटारसायकल काढून हिंगोलीला गेला, अन् बाईनं वाघूर उपटली. वावराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं कुसळबी उगवत न्हाई अशा खडकावर नेऊन ठोकली. जळब्यानं मारलेली चुन्याची फुली मेंढरायनं तुडवून कवाच पुसली होती.

नेमसिंग आला तवा बांधावर सारं गाव जमलं होतं. मोठा गंध, पांढरे कपडे. नामाजी गाडी लावून राहिला तोवर हा वावरात उतरला अन् तळहातावर नारळ घेऊन नाकासमोर थेट मेंढराकडं निघाला. नामाजीनं वळून पाहिलं अन् त्याचं त्वांडच उतरलं. तो खोकला. नेमसिंगला वाटलं, शाबासकी देऊन राहिला. नामाजी अजून जोरात खोकला, तसा नेमसिंग अजून ऐटीत चालला. खडकावर, मेंढराच्या मधोमध, नारळ ताठ!

"इथं! धो धो पाणी!"

"महाराज," नामाजी रडकुंडीला आला, "जरा तिकडंबी बघा की."

"तिकडं काहून? तुमीच तर वाटंनं म्हणले, मेंढरं बसतात तिथं—"

बोलून गेल्यावर नेमसिंगनं जीभ चावली. जळबा गर्दीतून गुमान मागं सरकला.

"काय रं नामाजी," सत्यभामाबाई म्हणली, "पाणी मेंढरामागं चालत आलं व्हय? दोन पाणाडे आणले अन् दोघायवरून ट्रक तू एकट्यानंच नेला. लबाडीबी धड जमंना तुला."

बांधावर असा हशा पिकला की मेंढरं बुजली.

"वहिनी, लोकासमोर नका."

"लोकासमोरच. बोल, मेंढरं कुठं बसायची?"

"बसतात तिथंच."

"मोठ्यानं."

"बसतात तिथंच! कुणी उठवणार न्हाई!" नामाजी वरडला, अन् मोटारसायकलला किक मारून एकटाच निघून गेला.

नेमसिंग खडकावर तसाच उभा. "मावशी, मला आता हिंगोलीला कोण सोडन?"

बाईनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"येष्टी हाय की. फाट्यावर जाऊन उभा ऱ्हा. अन् कवा येती ते नारळाला इचारत बसू नको, निघून जाईल."