मौनाचं मिनिट

वॉटफर्डच्या एका ख्रिस्ती टॉक रेडिओवर कार्यक्रम लावायचं काम विनया साळवेकडे होतं. दुपारच्या प्रार्थनेतलं मौनाचं मिनिट म्हणजे तिच्या डोक्याला ताप. वीस सेकंद आवाज आला नाही, की स्टेशन बंद पडलं असं समजून कॉम्प्युटर आपणहून गाणी सुरू करायचा. देवापुढे गप्प बसायचीही सोय नाही. शेवटी वैतागून तिने घरी स्वयंपाकघरात एक मिनिट रेकॉर्ड केलं. फ्रिजची घरघर, घड्याळाची टिकटिक, बस्स. तेच ती रोज मौनाच्या जागी लावू लागली.

महिन्याभराने ग्लासगोहून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला.

"प्रार्थनेत ऐकू येतं ते घर कुणाचं?"

"माझं."

"एकटीच राहतेस ना?"

"कशावरून?"

"माझंही घर असंच वाजतं."