एकशे एकतीस मिलिमीटर

हनुवटीच्या टोकापासून गळ्याखालच्या खाचेपर्यंत, मान पूर्ण मागे टाकून: एकशे एकतीस मिलिमीटर. टेप कातडीवर दाबायची नाही, नुसती टेकवायची. दाबली तर आकडा वाढतो. दोन माणसांनी मोजलं तर दोनेक मिलिमीटरचा फरक पडतोच. सकाळच्या आणि दुपारच्या मोजण्यातही तो पडतो, कारण भाजून आकसलेली कातडी दिवसभराच्या हालचालीनं जराशी सैल होते.

असे आकडे एका फायलीत सोळा वर्षांपासून साठत आलेत. फाईल एवढी जाड झाली की तिचे दोन भाग करून नाडीनं बांधावे लागले. सोमवारी सकाळी, पेशंट आत यायच्या आधी, मी ती नाडी सोडून बसले होते. गुरुवारी या फायलीतल्या मुलीचं बारावं ऑपरेशन होतं. तिला अजून ‘मुलगी’च म्हणायची आम्हाला सवय आहे. ती तेवीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या दुकानात काम करते.

"परत पारायण का?" सिस्टर ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या. त्या माझ्याहून चार वर्षांनी जुन्या आहेत आणि माझ्याशी तसंच बोलतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, फायलीकडे पाहिलं आणि कात्र्या मोजायला लागल्या.

सात वर्षांची असताना त्या मुलीच्या अंगावर उकळतं तेल सांडलं होतं. आई दाराशी कोण आलंय ते बघायला गेली होती. पहिलं वर्षभर आई ही हकीकत प्रत्येक भेटीत सांगायची, शेगडीपासून दार किती पावलांवर होतं तेही. सहा पावलं. पुढे तिनं सांगणं सोडलं, पण दिलेली तारीख एकदाही चुकवली नाही. वॉर्डात मुलगी कडू गोळ्या गालात दडवून ठेवायची आणि सिस्टरची पाठ वळली की थुंकून टाकायची, म्हणून सिस्टरनी तिचं नाव खारूताई ठेवलं. ते अजून टिकून आहे.

पहिल्या पाच ऑपरेशनांत बेचाळीसचे एकशे अठ्ठावीस झाले. त्यातला थोडा वाटा तिच्या वाढत्या वयाचा, बाकीचा आमचा. छातीला चिकटलेली हनुवटी सुटली. तोंड मिटायला लागलं, लाळ गळायची थांबली, ती छताकडे बघू शकायला लागली. त्यानंतरची सहा ऑपरेशनं गळ्यावरच्या घट्ट पट्ट्यासाठी झाली. पट्टा कापून मोकळा करायचा आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावायची. प्रत्येक ऑपरेशननंतर वर्षभरानं घेतलेली मापं अशी: १३०, १३२, १२९, १३१, १३०, १३१.

आमच्याकडची रीत अशी की निवासी डॉक्टर सहा आठवड्यांनी फोटो काढतात आणि तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या फोटोशेजारी लावतात. सहा आठवड्यांनी फरक दिसतोच. लावलेली कातडी तेव्हा मऊ असते, गळा मोकळा दिसतो, सगळ्यांना बरं वाटतं. मग ती हळूहळू आकसते आणि वर्षभरात मूळ पदावर येते. शेवटच्या सहा वर्षांचे फोटो एका ओळीत कुणीच लावले नव्हते. मी ते दीड वर्षापूर्वी लावले, आकड्यांचा आलेखही काढला. शेवटचे सहा ठिपके जवळजवळ आडव्या रेषेत आले. तो कागद मी फायलीच्या मागच्या खिशात ठेवला आणि त्याबद्दल कुणाशी बोलले नाही. पुढच्या भेटीत बाराव्या ऑपरेशनची तारीख दिली.

का दिली, ते मला नीट माहीत होतं. आई समोर कार्ड उघडून उभी राहायची. तारखांचं ते घडीचं कार्ड ती आत येतानाच उघडून धरायची, बोटानं रिकामी ओळ दाखवायची. त्या रिकाम्या ओळीवर मी काही लिहिलं नाही तर त्या सहा पावलांचं काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिले पेशंट आजोबा होते. नाकाच्या शेंड्यावर कातडीचा कर्करोग झाला होता. तो काढून तिथं कपाळाची कातडी वळवून आणली होती. नवी जागा रुजेपर्यंत तीन आठवडे ती भुवईशी जोडलेलीच ठेवावी लागते, दोन डोळ्यांच्या मधून खाली उतरलेल्या जाड पट्टीसारखी. आजोबा तिला सोंड म्हणत. सोंड कधी काढताय, असं त्यांनी बसायच्या आत विचारलं. बायको म्हणते, जन्मभर दुसऱ्यांच्यात नाक खुपसलंत, आता भोगा. मी सांगितलं, बुधवारी सोंड जाईल, आणि तपासणीचा कागद दाखवला. काढलेल्या तुकड्याच्या कडा सगळीकडून स्वच्छ होत्या. आजोबांनी तो कागद दोनदा वाचून घेतला, घडी करून आतल्या खिशात ठेवला, वरून थोपटला.

ते गेल्यावर मला त्या कागदाचा हेवा वाटला. कर्करोगात निदान कडा स्वच्छ असल्याचं कुणीतरी लिहून देतं. भाजल्याच्या व्रणात तसं लिहून देणारं कुणी नाही. कुठे थांबायचं, ते आपल्यालाच म्हणावं लागतं.

अकराच्या सुमाराला मायलेकी आल्या. सिस्टरनी खारूताईला बसवलं, दुकान कसं चाललंय विचारलं. ती म्हणाली, दुसरी शाखा निघतेय, मालकांनी ती तिला सांभाळायला दिलीय, एक तारखेपासून. सिस्टर म्हणाल्या, मग आमचे चष्मे फुकट. ती म्हणाली, तुमचा नंबर वाढलाय, काच महाग पडेल. दोघी हसल्या. हसताना तिच्या खालच्या ओठाचा डावा कोपरा थोडा मागे राहतो. तो तसाच राहणार आहे.

एक तारीख गुरुवारनंतर अकरा दिवसांनी होती. ऑपरेशननंतर सहा आठवडे कामावर जाता येत नाही. आईला हे माहीत होतं, मुलीला माहीत होतं आणि आता मलाही माहीत झालं. आईनं कार्ड उघडून टेबलावर ठेवलं.

मी मान मागे टाकायला सांगितली आणि मोजलं. एकशे एकतीस. मग मांड्या बघितल्या. समोरच्या बाजूनं दोन्हीकडे आता घेण्यासारखी जागा नव्हती. नुसते फिक्या रंगाचे चौकोन, शेजारी शेजारी. या वेळी डाव्या मांडीच्या मागून घ्यावं लागेल, म्हणजे दोन आठवडे तिला धड बसता येणार नाही. हे मी आईला सांगितलं. आईनं मान हलवली. मधे भोक असलेली बसायची उशी घरात आहे, पुतण्याच्या दुखण्यातली, असं ती म्हणाली.

"मॅडम, टेप द्या जरा," मुलगी म्हणाली.

तिनं टेप हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि रेघांवर नख फिरवलं. दुकानात तिचं कामच ते. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बसून दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं.

"आमच्याकडे दोन मिलिमीटर चुकले तर गिऱ्हाईक चष्मा परत आणतं. डोकं दुखतं म्हणतं," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्याकडे दोन मिलिमीटरला माझी मांडी जाते. आणि वर्षभरानं तेही परत जातात. मी घरी आरशात मोजते, मॅडम. तुमचा आकडा काय येणार ते मला येतानाच माहीत असतं."

"अगं," आई म्हणाली.

सिस्टरनी ट्रे उचलला, आणि तो कुठेच न नेता तिथंच उभ्या राहिल्या.

मी फायलीच्या मागच्या खिशातून तो कागद काढला आणि टेबलावर कार्डाशेजारी ठेवला. चढत गेलेले ठिपके दाखवले, मग आडवे दाखवले. आडवे सहा. म्हणाले की हे मला दीड वर्षापासून माहीत आहे. का बोलले नाही, तेही सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. तुम्ही कार्ड पुढे करता, मला वाटतं तुम्हाला अजून हवंय.

आईनं कागदावरून बोट फिरवलं, शेवटच्या ठिपक्यापर्यंत नेलं आणि तिथंच ठेवलं.

"मी दर खेपेला वाटेत ठरवते," ती म्हणाली, "की आज विचारायचं, आता पुरे का म्हणून. इथं आलं की तुम्ही पेन उघडता. मला वाटतं, डॉक्टर तारीख देतायत म्हणजे त्यांना काहीतरी दिसत असणार. मग मी गप्प बसते. नको कसं म्हणू? माझ्या तोंडून?"

सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या भिडेखातर त्या मुलीच्या मांडीवरची कातडी काढत आलो होतो. मधल्या काळात तिनं शिक्षण संपवलं, नोकरी धरली, भाड्याची खोली बघायला सुरुवात केली, असं कधीतरी सिस्टर म्हणाल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच दिसली, आणि ती आलेखात नव्हती. संमतीच्या कागदावर पाच वर्षांपासून सही मुलीची होती. कायद्यानं ती सज्ञान झाली त्या दिवशी आम्ही कागद बदलला. पण प्रश्न मी अजून तिच्या आईकडे बघूनच विचारत होते. आजसुद्धा मांडीचं मी आईलाच सांगितलं होतं. मांडी समोर बसली होती.

मी खुर्ची थोडी फिरवली. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलाशी आई माझ्या खांद्याच्या बाजूला आली आणि मुलगी समोर.

मी तिला जसं आहे तसं सांगितलं. या ऑपरेशननं गळा दोन महिने बरा दिसेल, वर्षभरानं असाच होईल. कातडी कमी उरली आहे, आणि पुढेमागे खरोखर गरज लागली तर ती शिल्लक असलेली बरी. केलं नाही तर काही बिघडणार नाही. व्रण कोरडा पडू द्यायचा नाही, वर्षातून एकदा येऊन दाखवायचं. जखम झाली, भरत नाही असं वाटलं, तर मात्र लगेच यायचं, कारण जुन्या भाजल्या जागेवर क्वचित कर्करोग होतो. उद्या काही नवीन उपाय निघाला तर मी स्वतः फोन करीन. मग विचारलं.

"गुरुवारचं तुला करायचंय का?"

तिनं आईकडे पाहिलं. आईचं बोट अजून शेवटच्या ठिपक्यावर होतं. तिनं मान वर केली नाही, पण दुसऱ्या हातानं ते कार्ड उचललं आणि मिटलं.

मुलीनं टेप बोटाभोवती गुंडाळली, टोक आत खोचलं आणि माझ्या हातात दिली.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "गुरुवारचं नको आणि पुढचंही नको. माझं झालं."