दयेच्या अर्जावर दोन वर्षं

मी राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावरचा पेपरवेट. काचेचा, मुठीएवढा, पोटात निळं फूल. काय सांगावं आणि किती, हे मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही. पण गप्प राहण्याचा दोष माझ्याकडून एकदा घडला आहे, म्हणून सांगतो.

भट्टीतून निघालो तेव्हा कारागीर म्हणाला होता, "हा जरा वाकडाच झाला." ते मी मनाला लावून घेतलं. तरी या दालनात जागा मिळाली आणि चार राष्ट्राध्यक्ष पाहून झाले.

लोकांना वाटतं, या खुर्चीतला माणूस हवं ते करू शकतो. सैन्य त्याच्या नावानं, न्यायाधीश आणि कायदे त्याच्या सहीनं. मी पाहिलं ते असं, की मंत्रिमंडळ सल्ला देतं आणि इथे सही होते. सल्ला पटला नाही तर कागद एकदा परत पाठवता येतो. फेरविचारानंतर तोच सल्ला आला, की सही करावीच लागते. मात्र किती दिवसांत, हे घटनेत लिहिलेलं नाही. त्या न लिहिलेल्या जागेत मला ठेवतात. माझ्याखालच्या फाइलला कुणी हात लावायचा नाही, असा इथला रिवाज.

चौथ्या राष्ट्राध्यक्ष म्हणजे बाई. पूर्वी कायदा शिकवायच्या. त्यांच्याकडे फाशीची शिक्षा झालेल्या एका गवंड्याचा दयेचा अर्ज आला. मुख्य साक्षीदारानं नंतर जबानी फिरवली होती. मंत्रिमंडळाचा सल्ला होता, अर्ज फेटाळा. बाईंनी फेरविचारासाठी फाइल परत पाठवली. आठवड्यात ती आली, आत तोच सल्ला. बाईंनी पहिली ओळ वाचली, डोळे मिटले आणि मला त्या कागदावर ठेवलं.

मी हललो नाही तोवर तो माणूस जिवंत, या विचारानं दोन वर्षं मला धड बसवत नसे. खिडकीतून वारा आला तरी धस्स व्हायचं.

आणि कागदाच्या तळाची तारीख नेमकी माझ्या पोटाखाली होती. वरून नुसतं फूल दिसतं. मला मात्र अक्षरं दिसत होती. बाईंनी फाइल परत पाठवली, त्याच्याही आधीची ती तारीख होती. मला वाटलं, आपलंच काही चुकत असेल. एवढी शिकलेली माणसं चुकतील कशी? मला बोलता येत नव्हतं हे खरं. पण येत असतं तरी बोललो असतो का, याची खात्री नाही.

बाईंच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस आला. दुपारी बाईंचे यजमान डोकावले.

"अगं, जेवायला येतेस, की त्या काचेच्या गोळ्याबरोबरच जेवणार आहेस?"

"उद्या नवे येतील. तुंबलेल्या सगळ्या फाइली आठवड्यात मोकळ्या करणार म्हणतात."

"मग त्यांच्यावर सोड ना."

"सोडणं म्हणजेही सहीच की हो."

"निदान एकदा नीट वाच तरी. पोरांच्या उत्तरपत्रिका तीन-तीनदा वाचायचीस."

बाईंनी मला उचललं. कागद शेवटपर्यंत वाचला आणि सचिवांना बोलावलं.

"ही तारीख वाचा."

सचिवांनी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "मॅडम, हा तर पहिलाच सल्ला. त्याचीच प्रत लावून पाठवलीय त्यांनी."

"म्हणजे फेरविचार झालेलाच नाही."

"याच्याखाली होती, म्हणून कुणी उघडली नाही, मॅडम."

"याला कशाला बोल लावता? ठेवला मीच."

त्यांनी तिथंच लिहिलं: फेरविचार झाल्याची नोंद नाही, साक्षीदाराची नवी जबानी वाचून तो करावा, तोवर शिक्षा अमलात आणू नये. त्यांची ती शेवटची सही. फाइल लगेच गेली.

आज अकरावा दिवस. फाइल परतलेली नाही. मंत्रिमंडळ दया दाखवेल, की तेच वाक्य नव्या तारखेनं लिहील, ठाऊक नाही. दोन वर्षं मी त्या गवंड्याचा जीव राखत होतो, की त्याची सुटका अडवून बसलो होतो, हेही मला कळत नाही.

नव्या साहेबांनी आत्ताच एक जाड फाइल पुढे ओढली. पहिलं पान पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि त्यांचा हात माझ्याकडे येतो आहे.

ठेवा साहेब, माझं काम तेच आहे. पण आधी शेवटचं पान वाचा.