परातीतलं लाल पाणी

परातीतलं पाणी लाल झालं आणि तिसगावच्या मळ्यात जमलेल्या शे-दोनशे माणसांनी एकदम हात जोडले.

"नासकं रगात कसं गळालं बघा," पुंजाराम महाराज म्हणाले. "ना सुई, ना रिपोर्ट. आता अकरा दिस दवाखान्याचा उंबरा चढायचा न्हाई." हे शेवटचं वाक्य ते प्रत्येकाला न चुकता सांगत. देवाला डॉक्टरांची एवढी धास्ती का, हे कोणीच विचारत नव्हतं.

परातीत पाय होते सात वर्षांच्या संस्कृतीचे, आणि त्यांवर महाराजांनी आपल्या तांब्यातलं 'तीर्थ' ओतलं होतं. तिला रक्ताचा कॅन्सर होता आणि पुढची केमो उद्याच, नगरच्या दवाखान्यात. आजी केशरबाई "पोरगी वाचली" म्हणून रडत होत्या. आई चांगुणा मात्र कोरडी होती. पाच महिने वॉर्डात बसून तिचा आनंद आणि रडू दोन्ही आटलं होतं. जायचं नाही तर नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

पोरीच्या पायांना भंडारा तिनंच चोळला होता, त्यामुळे तिच्या हातांचे तळवे पिवळेधमक होते. ती कडेला जाऊन बसली. ऊसतोडीतली सवय, डबी काढली, तळव्यावर चिमूटभर तंबाखू घेऊन चुना लावला आणि अंगठ्यानं मळू लागली.

तळवा लाल झाला. अगदी परातीतल्या पाण्यासारखा.

तिनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. मग उठून महाराजांच्या तांब्यातलं 'तीर्थ' दुसऱ्या तळव्यावर ओतलं. तोही लाल.

"आत्याबाई, भंडारा म्हंजे हळद, आन् ही चुन्याची निवळी हाय," ती सासूला म्हणाली. आवाज चढला नाही. "का माझं बी रगात नासलंय?"

"शंका घेतली की गुण जातो, बाई," महाराज घाईनं म्हणाले.

केशरबाईंनी सुनेचे तळवे पाहिले, महाराजांकडं पाहिलं, आणि खाली बसून नातीच्या पायात चपला घातल्या.

चांगुणानं वॉर्डातल्या समुपदेशक आरतीताईंना फोन लावला. "ताई, उद्या येतो आमी."

"या. खाट ठेवलीय. आणि तुम्हीसुद्धा जेवून या."

दुसऱ्या दिवशी सलाईन चालू असताना चांगुणानं बाकीच्या आयांना तेच करून दाखवलं. तंबाखूची डबी बघून आरतीताईंनी डोळे वटारले, पण हळद त्यांनीच आणून दिली.

"आई, मग माझं नासकं रगात गेलंच न्हाई?" संस्कृतीनं विचारलं.

"न्हाई. त्याला ही सुईच लागती."

पोरगी बरी होईल का, हे डॉक्टरही अजून छातीठोक सांगत नाहीत. पण हळदीला चुना लागला की ती लाल होते, कोणाच्याही हातावर. घरी करून बघा. आणि त्या लाल पाण्यापायी लेकराची एकही केमो चुकवू नका.