डॉक्टरांच्या टीपॉयखालचं हेड

घड्याळजींच्या सासऱ्यांना मुली दोन आणि मोटारीही दोन. मोटारी तर अगदी एका साच्यातल्या. मुलींची लग्नं झाली तशी त्यांनी एकेक मोटार एकेका जावयाला देऊन टाकली. थोरले जावई दातांचे डॉक्टर. त्यांनी आपली मोटार पहिल्याच वर्षी कालव्यात घातली. धाकटे जावई घड्याळजी. त्यांनी आपली जिवापाड जपली, म्हणजे ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि सुट्टीच्या दिवशी ताडपत्री उचलून नुसती डोळे भरून पाहिली.

कालव्याच्या प्रकरणावर घड्याळजी पुढे कितीतरी वर्षं हसत राहिले. "काय डॉक्टर, मोटार पोहायला शिकली का?" घरात चार पाहुणे जमले की हा विनोद ठरलेला. डॉक्टर ओठ घट्ट मिटून घ्यायचे. दातांचा डॉक्टर दात दाखवेनासा झाला की समजावं, राग चांगलाच मुरलाय.

दुकान पुतण्याच्या हवाली केल्यावर घड्याळजींनी एकदाचं मोटारीचं इंजिन उघडलं. जन्मभर घड्याळं उघडलेला माणूस. गॅरेजच्या फरशीवर जुनी चादर अंथरून त्यांनी एकेक नट-बोल्ट असा मांडला, की बायकोला पाय ठेवायला जागा उरली नाही. मग हेड काढून रॉकेलनं पुसलं आणि फडकं तिथंच थांबलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जाड झाकण, व्हॉल्व्ह त्यातच बसतात. तर त्या व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढा तडा गेला होता.

मशीनशॉपवाल्यानं वेल्डिंग करून दिलं, खालची बाजू घासून सपाट केली. तडा पुन्हा उघडला. परत वेल्डिंग, परत घासणं. या भानगडीत हेड एका बाजूनं जरा जास्तच घासलं गेलं आणि तडा होता तिथंच राहिला. "काका, आता आणखी घासलं तर याचा पत्रा होईल," मशीनवाला म्हणाला. "दुसरं शोधा."

शोधा म्हणायला काय जातंय! जुन्या सामानाचे व्यापारी फोनवर छातीठोकपणे "आहे ना!" म्हणायचे आणि पेटी उघडली की आत भलत्याच गाडीचं हेड. एकानं पाठवलेलं तर उचलायला दोघं लागले, बहुधा ट्रॅक्टरचं असावं. एका भंगारवाल्याकडे नेमकं तेच मिळालं. घड्याळजींनी ते हर्षानं छातीशी धरलं, तर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेतून बोट आरपार गेलं. गंजानं आतून सगळं खाल्लं होतं.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, तसलं एक ताईकडे आहे की. त्यावर तर आपण चहा पितो."

खरंच होतं. कालव्यातून निघालेल्या मोटारीचं डॉक्टरांनी फक्त हेड ठेवून घेतलं होतं. त्याला चंदेरी रंग दिला, वर जाड काच ठेवली आणि दिवाणखान्यात टीपॉय करून मांडला.

घड्याळजी तोंडात साखर घोळवून गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"साडूभाऊ, दुसरं काहीही मागा. दाढ मागा, आत्ता काढून देतो. हेड मिळणार नाही."

"पण तुम्हाला ते नुसतं शोभेलाच तर हवंय!"

"आणि तुम्हाला कशाला हवंय? पोहायला शिकवायला?" आणि कितीतरी वर्षांनी डॉक्टरांनी सगळेच्या सगळे दात दाखवले.

घड्याळजी घरी आले ते धुमसतच. बायकोनं मात्र शांतपणे विचारलं, "शोभेलाच हवंय ना त्यांना? मग तडा गेलेलं काय कमी शोभतं?"

घड्याळजी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई अशी आहे, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तडा गेलेल्या हेडला चंदेरी रंग लागला. चाकांच्या प्रवासी बॅगेत ते चादरीत गुंडाळून ठेवलं आणि दोघं ताईकडे जेवायला गेले. "बॅगेचं चाक बिघडलंय, परतताना दुरुस्तीला टाकायचीय," असं बायकोनं दारातच सांगून टाकलं. जेवणं झाली. दोघी बहिणी आवराआवरीला गेल्या आणि डॉक्टर सोफ्यावर घोरायला लागले. पण झोपले ते दोन्ही पाय टीपॉयच्या काचेवर टाकून!

घड्याळजी गुडघ्यांवर बसले, बॅग उघडली आणि त्या पायांकडे हताशपणे पाहत राहिले. नेमकी तेव्हाच ताई आत आली. तिनं बॅगेतलं हेड पाहिलं, टीपॉयखालचं पाहिलं, घड्याळजींचा पांढराफटक चेहरा पाहिला. आता ही बोंब मारणार, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हे कालव्याचं भूत न्यायला आलात ना?" ताई कुजबुजली. "आधी का नाही आलात? याला ठेचकाळून माझ्या पायाचं बोट कायमचं वाकडं झालंय. न्या! मी यांचे पाय धरते."

"जागे झाले तर?"

"इतकी वर्षं धरतेय, कधी जाग आली नाही."

तिनं नवऱ्याचे पाय अलगद उचलले. मागोमाग आलेल्या धाकटीनं काच धरली. घड्याळजींनी एक हेड ओढलं, दुसरं सरकवलं. डॉक्टर झोपेत "आ करा, मोठा आ करा," असं काहीतरी बरळले आणि तिघांचाही श्वास अडकला. मग घोरणं पुन्हा सुरू झालं. काच खाली आली, पाय काचेवर आले. ताई मात्र पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

नवं हेड मशीनवाल्यानं हातोडीनं हलकेच वाजवलं. घंटेसारखा स्वच्छ नाद निघाला, म्हणजे तडा नाही. व्हॉल्व्ह बसले, सांध्यातलं नवं गॅस्केट आलं, बोल्ट आवळले गेले. इंजिन पहिल्यांदा शिंकलं, मग खोकलं आणि मग असं एका लयीत चालू लागलं, की घड्याळजी बॉनेटवर कान टेकून उभेच राहिले. बायकोला वाटलं, त्यांचे डोळे धुरानं भरून आलेत.

आठवडाभरानं ते सकाळी फिरून परतले, तर गॅरेजचं दार सताड उघडं. ताडपत्री जमिनीवर, मोटार गायब. बायकोला हाका मारल्या, तर बायकोही गायब. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"साडूभाऊ, मी बोलतोय," डॉक्टरांचा आवाज साखरेसारखा गोड होता. "परवापासून टीपॉयवर पेन ठेवलं की आपोआप घरंगळायचं. म्हटलं, जमीन खचली. गवंडी बोलावला. तो म्हणाला, जमीन सरळ आहे, टीपॉय वाकडा आहे. मग मी बॅटरी आणि तोंडात घालायचा आरसा घेऊन खाली वाकलो. आणि काय सांगू, आत अख्खी कीड! असली कीड मी लांबून ओळखतो."

"म... मोटार कुठंय?"

"मोटारीचं मला ठाऊक नाही. मी माझ्या हेडला फिरायला आणलंय. बाकीचं धूड त्याच्या मागं मागं आलं, त्याला मी काय करू?"

"किल्ली कुणी दिली तुम्हाला?"

पलीकडून दोन बायकांचं खो खो हसणं तेवढं ऐकू आलं. त्यातलं एक घड्याळजींच्या चांगलंच ओळखीचं होतं.

मोटार वळणावर दिसली तेव्हा डॉक्टर चालवत होते आणि दोघी बहिणी मागे ऐटीत बसल्या होत्या. घड्याळजी रस्त्यातच आडवे झाले. मोटार थांबली. चौघंही उतरले... म्हणजे तिघं उतरले, चौथे आधीच रस्त्यावर होते. आणि मग फाटकाशीच भांडण जुंपलं. डॉक्टर म्हणाले, हेडाशिवाय इंजिन म्हणजे लोखंडाचा ठोकळा. घड्याळजी म्हणाले, इंजिनाशिवाय हेड म्हणजे टीपॉय. डॉक्टर म्हणाले, चोर तो चोर. घड्याळजी म्हणाले, चोरी कसली, बदल्यात दिलंय की! एकानं बॉनेट उघडलं, दुसऱ्यानं आत बोट नाचवलं. मध्येच घड्याळजींना तेल कमी दिसलं आणि ते डबा आणायला आत गेले. "तेल माझं," ते जाता जाता ओरडले. "घाला, घाला, हेड माझं," डॉक्टर ओरडले.

तेल घालून झालं. बॉनेट लावलं आणि दोघांनी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

ताई स्टिअरिंगवर होती. धाकटी शेजारी बसून आरशात केस नीट करत होती.

"अगं, तुला चालवता कधीपासून येते?" डॉक्टरांनी थक्क होऊन विचारलं.

"बाबांनी दोघींना लग्नाआधीच शिकवली होती," ताई म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत. भांडण झालं की चहा करून ठेवा दोघांनी."

मोटार अगदी झोकात वळली आणि निघून गेली. डॉक्टर चार पावलं रस्त्यावर पुढे गेले.

"क्लच छान सोडते हो," ते म्हणाले.

घड्याळजींच्या हातात अजून तेलाचा डबा होता. त्यांनी मान डोलावली आणि साडूला आत बोलावलं. दूध कुठं ठेवलेलं असतं, हे मात्र दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.