वर्षाराणीचा सोमवार

वर्षाराणीच्या पोटात दुखायला लागलं ते एका शुक्रवारामुळं. आता शुक्रवारानं तिचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. पण तो शुक्रवार तिच्या धाकट्या जावेला मिळाला होता, आणि हिच्या वाट्याला आला होता पुढच्या आठवड्यातला बुधवार.

झालं होतं असं. मंगळवार पेठेतलं राहतं घर दोघा भावांनी बिल्डरला दिलं. थोरला सयाजी, म्हणजे वर्षाराणीचा नवरा, दूध संघात नोकरीला. त्यानं फुलेवाडीला फ्लॅट घेतला. धाकटा ऋतुराज शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, त्यानं आणि त्याच्या बायकोनं, अवंतिकानं, तिकडंच शिरोलीला घर बघितलं. पौष लागायच्या आत सामान हलवायचं हे सगळ्यांना मान्य होतं. पौषात कोण नव्या घरात पाऊल टाकतंय? त्यात उसाचा सीझन, निम्मे ड्रायव्हर ट्रॅक्टरवर कारखान्याच्या रांगेत. वार चांगला असेल तर गाडी नाही, गाडी असेल तर अमावास्या. शेवटी दत्तोपंत गुरुजींनी पंचांग बघून दोन वार काढून दिले. कुणी कुठला घ्यायचा ते धोंडुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी ठरवलं. शुक्रवार अवंतिकाला, बुधवार वर्षाराणीला.

"थोरली मी का ती?" वर्षाराणीनं भाकरी थापता थापता नवऱ्याला विचारलं.

"तू."

"मग आधीचा वार तिला कसा?"

"बुधवारी मला रजा मिळतीया. गप की आता."

गप बसेल ती वर्षाराणी कसली! आणि खरं सांगायचं तर भांडण वाराचं नव्हतंच. भांडण होतं म्हातारीचं. धोंडुबाई कुणाकडं राहणार, ते अजून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरात 'तू ने, तू ने' म्हणून जावा सासूला एकमेकींवर ढकलतात. इथं उलटी गंगा. वर्षाराणीला सासू हवी होती. तिची आई लहानपणीच गेलेली. पेठ वडगावहून लग्न होऊन आली ती थेट धोंडुबाईंच्या पदराखाली. सासरी पहिली भाकरी करपली, तेव्हा सगळ्या पावण्यांदेखत "करपली तर करपली, मला खरपूसच लागती," म्हणून ती संपवणारी हीच बाई. तिच्यासाठी वर्षाराणीनं हाडाची काडं केली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनात दवाखान्यात फरशीवर झोपली होती.

आणि आता बघा! ती अवंतिका, दोन दिवाळ्या झाल्या नाहीत घरात येऊन, आणि म्हातारी उठता बसता "अवंती, अवंती". वर्षाराणीच्या तांबड्या रश्शाला कधी "बरा झालाय" याच्यापुढं शब्द नाही, आणि तिच्या पाणचट पिठल्याला "लई झ्याक!" तिच्या मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघून म्हातारी खो खो हसायची. वर्षाराणी आत आली की दोघी गप्प. परवा तर दोघी कॅलेंडर मांडीवर घेऊन कुजबुजत होत्या, आणि ही दिसल्यावर म्हातारीनं कॅलेंडरच उलटं केलं. त्या दिवशी वर्षाराणीनं भांडी अशी आपटली की शेजारच्या बाळासो काकांनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "वैनी, काय पडलं काय?"

काय पडलं! काळजाला घरं पडली होती, पण ते कुणाला सांगणार?

तिनं हिशेब मांडला. शुक्रवारी अवंतिकाचं घर लागणार. शिरोलीचं नवं घर बघायला म्हणून म्हातारी तिच्या टेम्पोत चढणार, सोबत तिची ट्रंक चढणार, आणि एकदा ट्रंक तिकडं गेली की फुलेवाडीचं नाव कोण काढतंय? म्हणजे कसंही करून आपलं घर आधी लागलं पाहिजे. आता तुम्ही म्हणाल, सरळ सासूला विचारायचं की बाईनं, 'आत्ती, माझ्याकडं येताय का?' पण तिथंच तर गाडं अडलं होतं. थोरली सून मी. मी काय भीक मागू? म्हातारीनं आपणहून म्हणायला नको? नाक एवढं मोठं, की त्याच्यापुढं तोंड उघडेना.

शेवटी भाजीला म्हणून निघाली ती तडक गुरुजींच्या दारात.

"गुरुजी, शुक्रवारच्या आधीचा एखादा वार बघा की."

दत्तोपंतांनी चष्मा सारखा केला. "सोमवार आहे. सकाळी नऊच्या आत निघावं लागेल. पण बुधवार जास्त चांगला आहे, वर्षाताई. सोमवार आपला चालण्यासारखा."

"चालतोय न्हवं? मग पळवते मी त्याला!"

नवऱ्याला सांगितलं, गुरुजींनीच वार बदलला. गुरुजींचं नाव घेतल्यावर सयाजी काय बोलणार? साहेबाच्या हातापाया पडून त्यानं रजा काढली, आणि ज्ञानू टेम्पोवाल्याला जास्तीचं भाडं कबूल केलं. जेवताना वर्षाराणीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आम्ही सोमवारी निघतोय."

अवंतिकाचा घास हातातच राहिला. तिनं चटकन सासूकडं बघितलं. वर्षाराणीच्या जिवाला काय गारवा वाटला म्हणून सांगू! बघ म्हणावं, कशी जिरली.

धोंडुबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "एवढी घाई हाय व्हय तुला?"

"हाय की! कवा एकदा जाईन असं झालंय."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि ताटावरनं उठली. भाकरी अर्धी तशीच होती. पण जिंकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या ताटातलं कुठं दिसतंय?

सोमवार उजाडला. दारात टेम्पो लागला. कपाट गेलं, फ्रिज गेला, गाद्यांचे गठ्ठे गेले. वर्षाराणी नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून नुसती भिंगरीसारखी फिरत होती. सयाजी घड्याळ बघून ओरडत होता. सगळं चढल्यावर ती आतल्या खोलीत गेली. धोंडुबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि अवंतिका त्यांच्या पायाला तेल लावत होती. बघूनच हिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चला आत्ती, उशीर होतोय. ट्रंक कुठाय तुमची?"

"ट्रंक कशाला?"

"कशाला म्हंजे? घरी जायचं न्हाय व्हय?"

"मी शुक्रवारी जानार. अवंतीसंगट."

 वर्षाराणीनं इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते उसळलं. "व्हयच की! मला म्हायतीच होतं! तिच्यासंगटच जानार तुम्ही! माझं काय, मी ऱ्हायले भांडी घासायला!"

"ए, आवाज खाली," म्हातारी म्हणाली. तिचाही आवाज काही कमी नव्हता. "आमच्यात घर सोडताना थोरली शेवटी निघती. रिकाम्या घरात दिवा ठिवून. आन म्हातारं मानूस थोरलीसंगट निघतंय. माझी सासू माझ्यासंगटच निघाल्ती गावाकडनं. म्हनून ह्या पोरीला मी शुक्रवार घ्यायला लावला. ती बुधवारच मागत हुती, तिच्या नवऱ्याला सुट्टी म्हनून. कॅलेंडर घेऊन बसलोतो आम्ही दोघी, तिला पटवत हुते मी. तुला आयत्या येळी सांगायचं म्हनून उलटं केलं ते. बुधवारी तुझ्याकडं यायचं, असं धरून बसल्ते."

वर्षाराणी दाराची चौकट धरून उभी राहिली.

"आन तू काय केलंस?" म्हातारीचा आवाज आता बसला होता. "सगळ्यांसमोर म्हनालीस, कवा एकदा जाईन असं झालंय. मला वाटलं, वर्षीला मी नकोशी झाले. एवढी वर्सं केलं, आता कंटाळली असंल. झालं, मी गप बसले. दुसऱ्या दिवशी ही आली, आन म्हनाली, आत्ती, माझ्याकडं येताय का? मी व्हय म्हनाले."

"अवो, तुमच्यासाठीच केली की मी घाई!" वर्षाराणी ओरडलीच. "तुम्ही तिच्याकडं जाशीला म्हनून! मला पायजे हुतासा तुम्ही!"

 अवंतिका तेलाची वाटी घेऊन तशीच बसली होती. धोंडुबाई थोरल्या सुनेकडं बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मग सांगायचं की गं येडे," त्या म्हणाल्या. "मला बोलवायला बी मुहूर्त लागतोय व्हय?"

"चला की मग आता."

"आता कसं? हिला शब्द दिलाय. दिलेला शब्द फिरवायला मी काय पुढारी हाय?"

"ताई, त्या आल्या तर मी काय..." अवंतिका हळूच म्हणायला लागली, पण म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात दाबला. नेहमी उठताना वर्षाराणीच्या खांद्यावर असायचा तसाच, सगळा भार टाकून. त्या खांद्याचा वर्षाराणीला एवढा राग आला की तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खाली वाकली, सासूच्या पायाला हात लावला. पाय तेलानं ऊन झाले होते.

"सुखी ऱ्हा," धोंडुबाई म्हणाल्या. "येते की मी अधनंमधनं."

बाहेर ज्ञानूनं हॉर्न वाजवला. वर्षाराणी देवांची पेटी छातीशी धरून टेम्पोत पुढं बसली. गाडी पेठेतनं बाहेर पडली, तरी तिनं मागं वळून बघितलं नाही. शेजारी सयाजी घाम पुसत होता. त्यानं घड्याळ बघितलं आणि खूश होऊन तिला कोपरानं ढोसलं.

"बघ," तो म्हणाला, "नऊच्या आत निघालो का न्हाय?"