दामिनीच्या अंगावरची गार बंडी

मित्रांनो, मी एक जुनी, निळी बंडी आहे. पळणाऱ्यांना उन्हात गारवा मिळावा म्हणून मला शिवले. माझ्या दोन पदरांमध्ये पाणी धरून ठेवणारे जाड कापड आहे. मला भिजवून अंगात घालायचे. पाणी वाऱ्यावर उडत जाते आणि अंग निवते. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण एका सकाळविषयी सांगायलाच हवे.

मुखेडचे कापड दुकानदार माणिकप्पा यांनी मला आपल्या मुलीसाठी, दामिनीसाठी मागवले. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती मला घालून मैलोन्‌मैल पळायची. शेजारच्या गंगम्मा हसायच्या, "कूलर घालून पळून राहिलीस की गं!" माणिकप्पा कौतुकाने म्हणायचे, "भिजली की गार. लई सोपं हाय." आमच्या कोरड्या मुलखात सगळ्यांना एवढेच ठाऊक.

सप्टेंबरात नांदेडला एकवीस किलोमीटरची शर्यत होती. आदल्या दिवशी पाऊस झालेला. गोदावरीकाठी हवा दमट, कोंदलेली होती, झाडाचे पान हलत नव्हते. आधीच ओल्या हवेत माझ्यातले पाणी उडेना. ते दामिनीच्या अंगाइतकेच ऊन झाले. माणिकप्पा मोटारसायकलवरून सोबत होते. ते कॅनमधले कोमट पाणी माझ्यावर ओतत राहिले. मी जड होत गेले, तिच्या छातीला चिकटले.

पंधराव्या किलोमीटरला तिच्या दंडांवर काटा आला. त्या उकाड्यात ती कुडकुडू लागली. मग डावीकडे पाहून हळूच म्हणाली, "तू हो पुढं. मी आलेच."

डावीकडे कोणी नव्हते.

"कुणाशी बोलून राहिलीस?" माणिकप्पांनी विचारले.

"ती काय. माझी बंडी घालून चाललीय."

मी तर इथेच होते. तरी क्षणभर मला वाटले, आपण खरेच दुसऱ्या कोणाच्या अंगावर आहोत, आणि या अंगात आता कोणीच नाही. कदाचित माझीच समजूत चुकली असेल.

ती पडली ती सरजाबाईंच्या पुढ्यात. त्या नदीकाठी मासे विकत बसल्या होत्या.

"आप्पा, पोरीचं अंग तव्यावानी हाय! काढा ती बंडी!" म्हणत त्यांनी सुरीने मला खांद्यापासून चिरले आणि माशांची पेटी उघडली.

माणिकप्पांचा हात थबकला. "बाई, माशाचा बर्फ... आम्ही लिंगायत."

"वास धुऊन जाईल. लेक कुठून आणताल?"

माणिकप्पांनी मुलीकडे पाहिले. ती डावीकडे बघून हसत होती. पापणी लवत नव्हती. मग त्यांनीच दोन्ही हातांनी बर्फ उपसला, खवल्यांसकट, आणि तिच्या मानेला, काखेत लावला. सरजाबाई सुपाने वारा घालू लागल्या.

"नाव सांग, माय. तुझं नाव," माणिकप्पा म्हणाले.

तिने एक नाव सांगितले. ते त्यांच्या घरात कोणाचेच नव्हते. माणिकप्पा पुन्हा पुन्हा विचारत राहिले. रुग्णवाहिका आली तेव्हा कुठे ती पुटपुटली, "दामिनी."

मित्रांनो, मला दोष द्या, चालेल. मी वाईट नाही, पण मला हवेपुढे काही करता येत नाही. दमट दिवशी मला घरीच ठेवा. सोबत पळणाऱ्याला अधूनमधून त्याचे नाव विचारा. उत्तर चुकले तर आधी मला फाडून काढा. मला दुखत नाही.